एकोणीस पानं आणि सात दिवस: ‘जंप’ दर आठवड्याला कसा वाचायचा

शनिवारच्या जपानी वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न लिहून दिले. अ‍ॅनिमे पाहून झाले, आता मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘वीकली शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात जसा येतो तसाच, आठवड्याच्या आठवड्याला वाचायचा आहे, पण एक प्रकरण पाच मिनिटांत संपतं आणि पुढचं येईपर्यंत मागचं विसरायला होतं, तर वाचायचं कसं? मोठ्या मालिका कुठल्या कुठे पोचल्या आहेत, मग सुरुवात कुठून करायची? आणि तिसरा प्रश्न: कुठलीही मालिका अर्ध्यातच बंद पडू शकते, तर तिच्यात जीव गुंतवायचा कशाला?

मी 2006 ते 2010 नागोयात होते. तेव्हापासून हा अंक बहुतेक दर आठवड्याला वाचत आले आहे, आधी कागदावर, पुण्याला परतल्यावर पडद्यावर. त्या जोरावर उत्तर देते.

आधी तो अंक डोळ्यांसमोर आण, कारण फोनवर वाचणाऱ्याला तो कधी दिसतच नाही. साडेचारशे-पाचशे पानांचा जाडजूड ठोकळा. कागद पुनर्वापराचा, खरखरीत, बोटांना शाई लागेल असा. आत विसाच्या आसपास मालिका, प्रत्येकीला साधारण 19 पानं. सोमवारी सकाळी कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, त्याचे गठ्ठे येऊन पडलेले असत. कामावर जाणारा माणूस अंक उचले, ट्रेनमध्ये वाचून संपवे आणि उतरताना वरच्या सामानाच्या फळीवर ठेवून जाई. मागून येणारा तो काढून वाचायला घेई. माझ्या काळात एवढा मोठा अंक अडीचशे येनच्या आत मिळायचा, कारण तो जपून ठेवण्यासाठी केलेलाच नसतो. नऊ-दहा प्रकरणं साठली की त्यांचं सुबक पुस्तक निघतं, त्याला तान्कोबोन म्हणतात. घरच्या फळीवर राहतं ते तान्कोबोन.

आता हा अंक असा का झाला ते सांगते. तुझ्या पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही प्रश्नांचं मूळ तिथे आहे. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं ‘शोनेन मॅगझिन’ आणि शोगाकुकान या दुसरीचं ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिकं 17 मार्च 1959 या एकाच दिवशी सुरू झाली. शुएइशा या तिसऱ्या प्रकाशनसंस्थेचा ‘जंप’ आला थेट 1968 मध्ये, तोही आधी महिन्यातून दोनदा. साप्ताहिक झाला 1969 मध्ये. तोपर्यंत नावाजलेले चित्रकार आधीच्या दोघांकडे गुंतलेले होते. मग ‘जंप’ने नवख्यांना घेतलं, आणि कोणता नवखा चालतोय हे थेट वाचकांनाच विचारायचं ठरवलं. अंकात एक पोस्टकार्ड असतं. या आठवड्यात आवडलेल्या तीन मालिका त्यावर लिहायच्या, तिकीट लावायचं आणि पेटीत टाकायचं. आता ऑनलाइनही मत देता येतं, पण रीत तीच. मैत्री, प्रयत्न आणि विजय ही ‘जंप’ची तीन शब्दांची ओळखही मुलांना विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांतूनच आलेली आहे.

या कार्डाचा परिणाम काय होतो? तोरियामा अकिरा यांचा ‘ड्रॅगन बॉल’ 1984 मध्ये सुरू झाला तेव्हा ती शोधप्रवासाची, हसतखेळत चालणारी गोष्ट होती. कार्डांवरची पसंती घसरू लागली. त्यांचे संपादक तोरिशिमा काझुहिको यांनी नायकच फिका पडतोय असं त्यांना सांगितलं. गोष्ट कुस्तीच्या आखाड्याकडे, म्हणजे मार्शल आर्टच्या स्पर्धेकडे वळली आणि उसळली. पुढे 1995 पर्यंत 519 प्रकरणं चालली. 1994 च्या डिसेंबरअखेर बाजारात आलेल्या 1995 च्या 3-4 क्रमांकाच्या जोडअंकाच्या 65 लाख 30 हजार प्रती छापल्या गेल्या. तो ‘जंप’चा उच्चांक. त्याच वर्षी ‘ड्रॅगन बॉल’ संपला, पुढच्या वर्षी बास्केटबॉलवरचा ‘स्लॅम डंक’ संपला, आणि 1997 मध्ये ‘मॅगझिन’ खपात पुढे गेलं. दोन गोष्टी संपल्या आणि लाखो माणसांनी सोमवारची सवय सोडली. साप्ताहिक मालिका म्हणजे काय बळ असतं हे त्यावरून लक्षात घे.

तर पाच मिनिटांत संपणारं ते प्रकरण. ती 19 पानं कशी तयार होतात? चित्रकार संपादकासोबत बसतो, बोलणं होतं. मग ‘नेमु’ काढतो, म्हणजे चौकटी, संवाद आणि माणसं कुठे उभी आहेत याचा कच्चा आराखडा. संपादक तो वाचून परत पाठवतो, कधी दोनदा, कधी अधिक वेळा. तो मंजूर झाला की पेन्सिल, मग शाई. मागचे देखावे, काळे भाग, सावल्या मदतनीस करतात. हे सगळं सात दिवसांत, आणि हातावेगळं होताच पुढच्याची बैठक. इतक्या घाईत केलेल्या कामात वायफळ चौकट परवडत नाही. कार्डावर तीनच जागा असल्यामुळे हे प्रकरण या सोमवारी एकट्याच्या बळावर उभं राहायला हवं. मोठ्या कादंबरीचा विसावा तुकडा म्हणून ते वाचलंस तर हाताला काही लागणार नाही. त्या आठवड्यापुरती पुरी केलेली वस्तू म्हणून वाच.

वाचताना मी काय पाहते ते सांगते. जपानी मंगा उजवीकडून डावीकडे चालतो. त्यामुळे उघड्या जोडपानावर डोळा वर उजवीकडून शिरतो आणि खाली डावीकडे बाहेर पडतो. त्या डाव्या कोपऱ्यातली शेवटची चौकट ‘मेकुरी’ची, म्हणजे पान उलटायला लावणारी. तिथे कुणीतरी मागे वळून पाहतं, दार वाजतं, वाक्य अर्धवट तुटतं. पान उलटलं की उत्तर. कसलेला चित्रकार आपले मोठे धक्के नेहमी उलटलेल्या पानाच्या सुरुवातीला ठेवतो, म्हणजे ते समोरच्या पानावरून डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसत नाहीत. आणि ‘मिहिराकी’, दोन्ही पानं व्यापणारं एकच चित्र. ते महाग असतं, कारण 19 पैकी 2 पानं त्यात जातात. ते कुठे खर्च केलं हे पाहिलंस की या आठवड्यात चित्रकाराला सर्वात मोलाचं काय वाटलं ते कळतं.

म्हणून माझी पहिली विनंती: फोन उभा धरून एकेक पान सरकवत वाचू नकोस. मिहिराकी मधोमध फाटते आणि मेकुरी मरते. टॅबलेट मिळत असेल तर तो, नसेल तर फोन आडवा धरून जोडपान लाव. अक्षर बारीक दिसेल, तरी एकदा तसं पाहा, मग हवं तर मोठं करून संवाद वाच.

‘स्लॅम डंक’ची तान्कोबोनं आपल्याकडे इंग्रजीत मिळतात. इनोउए ताकेहिको यांनी 1990 ते 1996 चालवलेल्या या मालिकेची 31 पुस्तकं आहेत. शेवटच्या सामन्याची अखेरची मिनिटं त्यांनी जवळजवळ एकही शब्द न वापरता काढली आहेत. मैदानावरचे काही क्षण, आणि त्यांना अख्ख्या प्रकरणांची पानं. तिथे काय घडतं ते सांगत नाही. 1996 मध्ये कोम्बिनीत उभं राहून ते वाचणाऱ्या मुलाला पुढच्या सोमवारपर्यंत थांबावं लागलं होतं, एवढं मनात धरून वाच. एक प्रकरण झालं की पुस्तक मिटून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुढचं घे. साप्ताहिक वाचनाचा रियाज म्हणून याहून चांगलं पुस्तक मला ठाऊक नाही.

विसरण्याबद्दल. माझी आजी मासिकातल्या कादंबरीचे हप्ते कापून दोऱ्याने शिवून ठेवायची. नवा हप्ता आला की आधीच्या हप्त्याचं शेवटचं पान काढून मोठ्याने वाचायची, मग नव्याला हात घालायची. ‘क्रमशः’ हा शब्द कसा वाचायचा हे मी तिच्याकडून शिकले, आणि ‘जंप’लाही तेच लागू पडतं. नवं प्रकरण उघडण्याआधी मागच्याची शेवटची तीन पानं पाहा. तिथे ‘हिकी’ असते, पुढच्या आठवड्याकडे ओढणारी गाठ. ती ताजी झाली की बाकीचं आपोआप आठवतं. आणि एक वही कर. प्रत्येक प्रकरणाला एकच ओळ: काय बदललं? कोण कुणाला काय बोललं हे लिहायचं नाही. ज्या आठवड्यात ‘काही बदललं नाही’ असं लिहावं लागेल, त्या प्रकरणाकडे पुन्हा जा. बहुतेक वेळा काहीतरी पेरलेलं असतं, सुटलेलं असतं आपल्याच नजरेतून.

जपानी शिकतोयस म्हणून आणखी एक. मुलांच्या साप्ताहिकात प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षराच्या, शेजारी ‘काना’ या उच्चारलिपीत बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे तुझ्या पातळीलाही मूळ अंक वाचता येईल, शब्दकोश हाताशी ठेवून. मूळ अंकात प्रकरणाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर कडेला एकेक ओळ असते, ‘आओरी’. ती चित्रकाराची नसते, संपादक लिहितो. वाचकाला हाक मारणारी, कधी फार सुंदर, कधी नुसती आरडाओरड. तान्कोबोनात ती काढून टाकतात. अनुक्रमणिकेत प्रत्येक चित्रकाराचं त्या आठवड्यापुरतं एखाद-दोन ओळींचं मनोगतही असतं: मांजर आजारी आहे, थंडी फार आहे, अमुक खाल्लं. मला ही कडेकडेची अक्षरं फार प्रिय आहेत. वर्गात आपण या आओरी वाचायला घेऊ. क्रियापद गाळून वाक्य कसं ताणून धरायचं हे त्यांच्याइतकं कुठलंच पाठ्यपुस्तक शिकवत नाही.

मिळवायचं कसं, हे थोडक्यात. जपानमध्ये सोमवारची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठ. त्याच वेळी शुएइशाच्या ‘मंगा प्लस’वर इंग्रजी प्रकरणं येतात. ही सेवा जानेवारी 2019 पासून आहे आणि चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं तिथे फुकट वाचता येतात. व्हिज या अमेरिकी प्रकाशकाच्या ‘शोनेन जंप’ची सशुल्क वर्गणीही भारतात मिळते, त्यात मागचा साठा मोठा आहे. मराठी किंवा हिंदीत अजून यातलं काही नाही. नववर्ष, मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या आणि ऑगस्टमधला ओबोन हा पूर्वजांचा सण या सुमारास जोडअंक येतो, म्हणजे पुढचा सोमवार रिकामा. मालिका बंद पडली असं समजू नकोस. आठवड्याच्या मधेच चोरून फुटलेली धूसर पानं फिरतात, ती पाहू नकोस. ते बेकायदा तर आहेच. शिवाय शेवटचं चित्र आधी आणि वाईट भाषांतर नंतर अशा उलट्या क्रमाने ती गोष्ट तुझ्यापर्यंत पोचते. ज्याने सात दिवस खपून मेकुरी रचली, त्याचं काम तू पुसून टाकतोस.

सुरुवात कुठून? ‘वन पीस’ जुलै 1997 पासून चालू आहे आणि अकराशेच्या वर प्रकरणं झाली आहेत. ते गाठायला जरूर घे, पण वेगळं, पुस्तकांतून, वर्षभर पुरवून. साप्ताहिक वाचनाची सवय त्याच्यावर लावू नकोस. त्यासाठी नवी मालिका हवी, जिचं पहिलं प्रकरण तू आणि जपानमधला शाळकरी मुलगा एकाच रात्री वाचता. ‘जंप’मध्ये वर्षातून अनेकदा दोन-तीन नव्या मालिका एकापाठोपाठ सुरू होतात. पहिलं प्रकरण बहुधा लांब असतं, पन्नासएक पानांचं. तीन प्रकरणं वाच. तिसऱ्यानंतर ‘हा माणूस आता काय करेल’ असा प्रश्न तुला पडला तर राहा. ‘ही जादू कशी चालते’ एवढाच पडला तर सोडलीस तरी चालेल. एका वेळी चारपेक्षा जास्त नकोत. मी स्वतः एकदा अकरा धरल्या होत्या. त्या वर्षातलं आज मला काहीही आठवत नाही.

अंकातला क्रमही बघत जा. रंगीत पानांच्या मालिका वगळल्या तर पुढे छापलेल्या मालिका साधारणपणे वाचकांच्या पसंतीतल्या, मागे सरकत गेलेल्या धोक्यातल्या. नव्यांना सुरुवातीचे काही आठवडे पुढची जागा देतात. संपादक हे सूत्र जाहीर करत नाहीत, वाचक अंदाज बांधतात, आणि तो अंदाज दर वेळी खरा ठरतो असं नाही. पण एखादी आवडती मालिका आठवड्यामागून आठवडे शेवटच्या पानांकडे घसरताना पाहिली की पोटात गोळा येतो. तो यायचाच.

इथून तुझा तिसरा प्रश्न. हो, मालिका बंद पडतात. नव्यांपैकी पुष्कळ विसाव्या प्रकरणाच्या आतच. जपानीत त्याला ‘उचिकिरी’ म्हणतात. शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत चित्रकाराला सगळे धागे घाईने बांधावे लागतात, किंवा नायक क्षितिजाकडे धावत सुटतो आणि ‘आमची लढाई आता कुठे सुरू झाली’ म्हणत गोष्ट संपते. चालणाऱ्या मालिकांवरही माणसाच्या शरीराची मर्यादा आहेच. तोगाशी योशिहिरो यांचा ‘हंटर x हंटर’ 1998 पासून चालू आहे आणि त्यांच्या पाठीच्या दुखण्याने तो वर्षानुवर्षं थांबत आला आहे. ‘वन पीस’चे ओदा एइइचिरो यांनी 2023 मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी चार आठवडे सुट्टी घेतली, तेव्हा जगभरच्या वाचकांनी आनंदाने वाट पाहिली. तशी वाट पाहायला शिक. दर आठवड्याला 19 पानं हा माणसावर फार मोठा भार आहे, आणि आपण मागणी करणारे आहोत हे मी कधी विसरत नाही.

उलटही घडतं. गोतोउगे कोयोहारू यांचा ‘किमेत्सु नो याइबा’, म्हणजे इंग्रजीतला ‘डेमन स्लेयर’, 2016 मध्ये सुरू झाला. 2019 च्या अ‍ॅनिमेनंतर त्याची पुस्तकं दुकानांत ठरेनात. आणखी दहा वर्षं ताणता आला असता. मे 2020 मध्ये, 205 व्या प्रकरणाला तो संपला, कारण गोष्ट संपली होती. त्या आठवड्यांत तो वाचत असलेल्यांना पुढे काय होईल हे माहीत नव्हतं, संपतोय की नाही हेही नक्की माहीत नव्हतं. आज 23 पुस्तकं विकत घेणाऱ्याच्या हातात शेवट आधीच असतो. डाव्या हातातली जाडी कमी होत जाते ती त्याला दिसते. आठवड्याच्या वाचकाला ती जाडी नसते. या वाचनाचं खरं सुख मला तिथे मिळतं, आणि बंद पडण्याची भीती त्याच सुखाचा भाग आहे. ती वगळून ते मिळत नाही.

मार्च 2011 च्या भूकंपानंतरची सेंदाईमधली एक गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रांतून गाजली. रस्ते तुटलेले, नवीन पुस्तकं येत नव्हती. एका छोट्या पुस्तकाच्या दुकानात एक गिऱ्हाईक आला. त्याने शेजारच्या यामागाता प्रांतातून त्या आठवड्याचा ‘जंप’ आणला होता, वाचून झाला होता, तो त्याने दुकानात ठेवून दिला. दुकानदाराने बाहेर कागद लावला की नवा ‘जंप’ इथे वाचायला मिळेल. मुलं आली, एकामागून एक, आणि तो एकच अंक चुरगळून चिंध्या होईपर्यंत वाचला गेला. घरं पडलेली होती, दिवे नव्हते, आणि त्यांना विचारायचं होतं: या आठवड्यात काय झालं?

माझी स्वतःची मालिका 2008 सालची. नाव सांगत नाही. आज ते जपानमध्येही फार कुणाला आठवणार नाही. एका गावातल्या नदीवर काम करणाऱ्या मुलाची गोष्ट होती, चित्रं थोडी ओबडधोबड, पण पाणी असं काढलेलं की कागद ओला वाटावा. सुरुवातीला पुढच्या पानांत, मग मधे, मग मागे. मला तेव्हा कांजी जेमतेम येत होती आणि ती मालिका मी शब्दकोश घेऊन, रविवार पुरवून वाचायची. सतराव्या प्रकरणात मुलगा नाव ढकलून पाण्यात उतरला आणि डाव्या कोपऱ्यात लहानशी अक्षरं आली: समाप्त.

मी कोम्बिनीतून अंक घेऊन खोलीवर आले आणि पहिल्यांदाच ते पोस्टकार्ड कात्रीने कापलं. पहिल्या क्रमांकावर त्या मालिकेचं नाव लिहिलं. निर्णय कित्येक आठवड्यांपूर्वी झालेला असतो आणि या कार्डाने काही बदलणार नाही, हे मला तोपर्यंत ठाऊक झालं होतं. दुसरा आणि तिसरा क्रमांक विचार करून भरला, कारण त्या मालिका अजून चालू होत्या. पन्नास येनचं तिकीट लावलं आणि स्टेशनजवळच्या लाल पेटीत टाकून कामावर गेले.